बटण कुणी दाबलं?

सकाळी आप्पांनी चहासाठी हाक मारली आणि समोरच्या कठड्यावर बसलेली कबुतरे उडाली. तशी ती रोजच उडत. आप्पांनी उभी नोकरी कोर्टाच्या दारात काढली होती. आतून खूण झाली की बाहेरच्या लांब व्हरांड्यात येऊन पक्षकारांचा, साक्षीदारांचा, आरोपींचा पुकारा करायचा, एवढेच त्यांचे काम. त्यांची "हाजिर होऽऽ" अशी आरोळी आली की बाकांवर डुलक्या घेणारी माणसे दचकून उठत आणि वकील हातातला चहा तसाच टाकून धावत. निवृत्त होऊन बरीच वर्षे लोटली तरी आवाज अजून ठणठणीत होता. गल्लीने त्यांना 'हाजिर आप्पा' असे नाव ठेवले होते आणि ते त्यांना मनापासून आवडे.

"आरोपी! चहा!"

स्वयंपाकघरातून एक तिशीची बाई दोन कप घेऊन आली. ही आप्पांची सून. एक कप तिने आप्पांपुढे ठेवला, दुसरा सासूबाईंपुढे, आणि मागे सरून ती उंबरठ्याच्या आत उभी राहिली. बाहेरच्या खोलीत काम नसताना थांबायची तिला परवानगी नव्हती. नवरा मेला त्या दिवसापासून या घरात तिला 'आरोपी' याखेरीज दुसऱ्या कुठल्याही नावाने कुणी हाक मारली नव्हती.

स्वयंपाकघर घराच्या पोटात होते. खिडकी होती, पण तिच्या तोंडावर शेजारच्या इमारतीची भिंत उभी राहिलेली. भर दुपारीसुद्धा दिवा लावल्याशिवाय तिथे तांदळातला खडा दिसत नसे. दिव्याचे बटण दाराशेजारी, सुनेच्या हाताच्या अंतरावर होते. पण त्याला तिने हात लावायचा नाही असा आप्पांचा हुकूम होता. दिवा नाही, पंखा नाही, घरातले कुठलेच बटण नाही. ज्या हाताने मुलगा गेला त्या हाताने आता उजेड करायचा नाही, असे आप्पा म्हणत. दुसऱ्या कुणी लावून दिला तर उजेड, नाहीतर गॅसच्या निळ्या जाळावर भागवायचे.

"आप्पा, आरोपीला दिवा लावू?" ठकीने विचारले. ठकी म्हणजे सुनेची मुलगी, नुकतीच शाळेत जाऊ लागलेली. स्टूल ओढत नेऊन बटण दाबणे हे तिचे रोजचे आवडते काम होते.

आप्पांनी बशीतला चहा फुंकला. "काल भात करपला होता ना? मग आज नको."

"आज नाही," ठकीने आत डोके घालून जाहीर केले आणि ती स्टूल परत घेऊन गेली.

अंधारात भात करपायचा आणि भात करपला म्हणून पुन्हा अंधार, हा हिशेब आप्पांना कधीच विचित्र वाटला नाही. सासूबाईंनी कप तोंडाला लावला आणि खिडकीबाहेर पाहिले. त्या घरात त्यांचा बहुतेक वेळ खिडकीबाहेर पाहण्यातच जाई.

आता काय घडले होते ते सांगायलाच हवे. आप्पांचा एकुलता एक मुलगा वायरमन होता. कामाचा पक्का. दुसऱ्याच्या घरी काम करायला गेला की आधी फ्यूज काढून स्वतःच्या खिशात टाकायचा. "माणसाच्या जिभेवर विश्वास ठेवायचा नाही, फ्यूज खिशात असला की मी जिवंत," असे हसत हसत सांगायचा. त्या संध्याकाळी त्याच्या स्वतःच्या घरची पाण्याची मोटर कुरकुरत होती. मोरीच्या मागे ओल्या फरशीवर बसून त्याने ती उघडली. बटण बाहेरच्या खोलीत होते. ते त्याने बंद केले. फ्यूज मात्र काढला नाही. स्वतःचेच घर, त्यात काय एवढे. थोड्या वेळाने बायकोने ते बटण दाबले. तिच्या कडेवर तेव्हा तान्ही ठकी होती.

पोलीस आले, त्यांनी फरशी पाहिली, वायरी पाहिल्या, चार माणसांना विचारले आणि अपघात झाला असे लिहून ते गेले. कायद्यापुरता विषय तिथे संपला. आप्पांचा संपला नाही. दिवसकार्य पार पडल्यावर त्यांनी सुनेला बाहेरच्या खोलीत मधोमध उभे केले, स्वतः खुर्चीवर बसले आणि एकच प्रश्न विचारला.

"बटण कुणी दाबलं?"

"मी."

"कबुली झाली."

"पण आप्पा, सासूबाईंनीच मला..."

"कबुलीनंतर 'पण' नसतो!" आप्पांच्या आवाजाने मांडणीवरची भांडी वाजली. "आरोपीने विचारल्याशिवाय बोलायचं नाही."

आप्पांना खरोखरच तसे वाटत होते, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवे. त्यांनी आयुष्यभर न्याय पाहिला तो दाराबाहेरून. पुकारा केला की माणूस आत जाई, दार लोटले जाई आणि आप्पा पुढचे नाव पाठ करत बाहेर थांबत. आत उलटतपासणी चाले, साक्षीदार फुटत, वकील घसा कोरडा करत, न्यायाधीश चार वेळा तेच विचारत. यातले काही आप्पांच्या कानावर येत नसे. त्यांना दिसे ते एवढेच की माणूस मोकळ्या हातांनी आत जातो आणि बेड्या घालून बाहेर येतो. न्याय म्हणजे एवढेच, अशी त्यांची खात्री होऊन बसली होती. आणि शिक्षा संपवून तुरुंगाच्या फाटकातून बाहेर पडणारा माणूस तर त्यांनी कधी पाहिलाच नव्हता.

त्या दिवसापासून सुनेला एक पोचे आलेली ताटली मिळाली. सगळ्यांचे उरकल्यावर तिने उंबरठ्याच्या आत बसून त्या ताटलीत जेवायचे. खुर्चीवर बसायचे नाही, आरशात पाहायचे नाही, शेजारणींशी बोलायचे नाही. गल्लीला हे सगळे ठाऊक होते. गल्ली काय म्हणे? "देवमाणूस आहे हो! दुसऱ्या कुणी हाकलून दिली असती. यांनी घरात ठेवून घेतली." सुनेचा भाऊ एकदा येऊन गेला. "ताई, म्हातारपणी पोटचा मुलगा गेलाय त्यांचा. राग निवळला की होईल सगळं ठीक," असे सांगून, चहा पिऊन, तो आपल्या गाडीच्या वेळेला निघून गेला. राग निवळावा म्हणून त्याच्यावर पाणी घालावे लागते. इथे तर सगळी गल्ली फुंकर घालत होती.

आणि ती स्वतः? तिला हे मान्य होते, आणि मला या सगळ्यात तेच सर्वात भयंकर वाटते. हात तिचाच होता. बटणाचा तो खटका तिच्या बोटात अजून होता. रात्रंदिवस ती एकाच गोष्टीशी झगडत असे, की त्याने मोटर उघडली हे मला सांगितले का नाही? एका शब्दाने सांगितले असते तर? आप्पांनी अंधारात बसवले की तिला कुठेतरी बरेच वाटे. शिवाय निघून जायचे मनात आलेच, तर आप्पांनी पहिल्याच महिन्यात बजावून ठेवले होते, "जायचं तर एकटीने जायचं. मुलगी आमच्या मुलाची आहे." ठकीला सोडून ती दारापर्यंतही गेली नसती.

त्या दिवशी दुपारी ती ठकीला आणायला शाळेत गेली. हीच तिची रोजची मोकळी हवा. वर्गाच्या दारात नव्या बाई एकेका मुलाला ज्याच्या त्याच्या माणसाच्या हातात देत होत्या.

"तुला न्यायला कोण आलंय गं ठके?"

"आरोपी आलीय," ठकी म्हणाली आणि तिने बोट दाखवले.

बाई आधी हसल्या. लहान मुले काहीही बोलतात. पण बोट जिच्याकडे होते तिचा चेहरा त्यांनी पाहिला आणि त्यांचे हसू ओसरले.

"ही तुम्हाला काय म्हणते?"

"लाडाने म्हणते," सून घाईघाईने म्हणाली. "आजोबांनी शिकवलंय. गंमत."

 बाईंनी ठकीचा हात चटकन सोडला नाही. "मी इथेच मागे राहते," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "कधीही या. कारण नसलं तरी या."

 वाटेत रस्त्याच्या कडेला थांबून सून ठकीसमोर उकिडवी बसली.

"ठके, आरोपी म्हणजे काय गं?"

"तू."

"आणि आई म्हणजे?"

ठकीने विचार केला. "आई दुसऱ्यांना असते," ती म्हणाली. "वर्गात सगळ्यांना आहे. आपल्याकडे आरोपी आहे."

ठकी बोलायला लागली तेव्हा पहिल्यांदा 'आई'च म्हणाली होती. आप्पांनी तिला उचलून गुडघ्यावर घेतले होते, गालाला गाल लावला होता आणि प्रेमाने, अगदी प्रेमाने दुरुस्त केले होते, "आई नाही म्हणायचं सोन्या. आ-रो-पी." पोरीने बोबडे 'आओपी' म्हटले तेव्हा ते किती हसले होते! सून उंबरठ्याआड उभी राहून ऐकत होती. तेव्हा तिने तेही सोसले होते. आज रस्त्याच्या कडेला ते सोसवेना. शिक्षा झाली होती ती तिला. पोरीची आई पोरीपासून काढून घ्यायची, हे कुणाच्या कुठल्या गुन्ह्याबद्दल?

घरी पोचल्या तेव्हा घड्याळवाले काका येऊन बसले होते. कोपऱ्यावर त्यांचे घड्याळ-दुरुस्तीचे दुकान. गिऱ्हाईक नसले की ते आप्पांकडे गप्पा छाटायला येत. आप्पा रंगात होते.

"काका, आमच्या नातीचा पुकारा ऐकलात का? माझ्या वरताण आहे! ठके, दाखव काकांना."

ठकीने दप्तर फेकले आणि ती स्टुलावर उभी राहिली. पोट पुढे, मान मागे, हुबेहूब आप्पा.

"आरोपी हाजिर होऽऽ!"

काका खो खो हसले. "आवाज आहे बुवा!"

"अरे, नुसता आवाज काय? आरोपी यायला नको?" आप्पा आत पाहून ओरडले. "ऐकू आलं नाही का? पुकारा झालाय!"

सून बाहेर आली आणि खोलीच्या मधोमध, तिथेच, त्याच जागी उभी राहिली. ठकीने आनंदाने टाळ्या पिटल्या. काका अजून हसत होते, पण आता ते हसू कुठे ठेवावे हे त्यांना कळत नव्हते.

"आप्पा, एक विचारू?" सून म्हणाली.

एवढ्या वर्षांत आप्पांसमोर तिने आपण होऊन उच्चारलेले हे पहिले वाक्य होते. आप्पा इतके चकित झाले की नाही म्हणायचे राहूनच गेले.

"माझी शिक्षा किती?"

"काय?"

"कोर्टात शिक्षा सांगतात तेव्हा किती तेही सांगतात ना? चोराला सांगतात, खुन्यालाही सांगतात. माझी किती आहे? कधी संपणार?"

आप्पांचा चेहरा लाल झाला. "माझा मुलगा ज्या दिवशी या दारातून परत येईल ना, त्या दिवशी संपेल!"

त्यांना वाटले, काय सणसणीत उत्तर दिले! पण काका मान खाली घालून आपल्या बोटांकडे पाहू लागले. जी शिक्षा संपायचीच नाही ती देणारा माणूस गुन्ह्याचे माप घेत नसतो, आपल्या दुःखाला रोज खाऊ घालत असतो. हे काकांना शब्दांत सांगता आले नसते, तरी कळले.

सगळे गप्प झालेले पाहून ठकी हिरमुसली. तिचा खेळ अर्धवट राहिला होता. आप्पांच्या गोष्टींमधून पुकाऱ्यांची सगळी तऱ्हा तिला तोंडपाठ होती. आरोपीनंतर कुणाला बोलवायचे तेही. तिने छाती भरून घेतली.

"साक्षीदार हाजिर होऽऽ!"

कुणी हलले नाही. मग ती स्टुलावरून उतरली, आत गेली आणि भांडी विसळणाऱ्या आजीला ओल्या हातांनिशी ओढत घेऊन आली.

"आजी, तू साक्षीदार. इथे उभी राहा. म्हण, खरं सांगीन."

"सोड गं. कामं पडलीत."

"म्हण ना! खरं सांगीन, खोटं सांगणार नाही."

सासूबाईंनी नातीकडे पाहिले, मग सुनेकडे.  सून त्यांच्याकडे नुसती पाहत होती. म्हातारीच्या बोटांवरून पाणी ठिबकत होते.

"खरं सांगीन," त्या म्हणाल्या, आणि खेळातले ते वाक्य म्हणताम्हणता त्यांचा बांध फुटला. "मी सांगितलं होतं हिला. मोटर लाव गं, असं मीच आतून ओरडले होते."

आप्पा खुर्चीत पुढे सरकले.

"आणि तो मला सांगून गेला होता," सासूबाई आता रडत होत्या, पण थांबत नव्हत्या. "आई, मोटर उघडतोय, कुणाला बटण लावू देऊ नकोस, म्हणाला. मी हो म्हटलं. मी भाजी चिरत होते. मग नळाचं पाणी गेलं, आणि मी विसरले हो. पोटच्या पोराचं बोलणं विसरले. नुसती विसरले!"

सून दारापर्यंत मागे सरली. सांगितले होते तर त्याने! ज्या प्रश्नाने तिच्या इतक्या रात्री कुरतडल्या होत्या त्याचे उत्तर रोज दोन वेळा तिच्या हातचा चहा घेत होते.

"इतकी वर्षं तोंड शिवलं होतं का तुझं?" आप्पा ओरडले.

"तुम्ही विचारलंच कुठे? तुम्ही एवढंच विचारलंत, बटण कुणी दाबलं. आणि मग हिचे जे हाल केलेत ते बघून माझी छातीच झाली नाही. वाटलं, बोलले तर हे सगळं माझ्यावर येईल."

"दुकान उघडं टाकून आलोय," काका पुटपुटले आणि चपलाही नीट न घालता निघून गेले.

आप्पा खुर्चीत मागे रेलले. आता हा माणूस ढसाढसा रडेल, बायकोला जवळ घेईल, सुनेचे पाय धरेल, असे वाचकाला वाटत असेल. मलाही वाटले असते. पण आप्पांच्या चेहऱ्यावर हळूहळू एक तरतरी आली. त्यांनी घसा साफ केला.

"सूनबाई," ते म्हणाले. कितीतरी वर्षांनी त्यांनी हा शब्द उच्चारला होता. "तू ये. इकडे खुर्चीवर बस. आणि ही," त्यांनी बायकोकडे बोट केले, "आजपासून उंबरठ्याच्या आत. ताटली हिची."

दिवेलागणीला सगळे जेवायला बसले. सून खुर्चीवर बसली होती. समोर स्वच्छ ताट होते, डोक्यावर पंखा फिरत होता. स्वयंपाकघरातला दिवा आज आप्पांनीच लावून दिला होता आणि उंबरठ्याच्या आत सासूबाई ती पोचे आलेली ताटली मांडीवर घेऊन बसल्या होत्या. जमिनीवर बसताना त्यांचा गुडघा दुखला आणि त्या कण्हल्या. खरे सांगायचे तर सुनेला ते कण्हणे गोड लागले. तिने भाताचा घास घेतला, सावकाश चावला. ती अंधारात ठेचकाळत होती तेव्हा हीच बाई इथे पंख्याखाली बसून खिडकीबाहेर बघत होती ना? बघू दे आता. तिला अजून एक घास घ्यावासा वाटला आणि तिने तो घेतला.

"तूच सांग, सूनबाई," आप्पा प्रेमाने म्हणाले, "काय करायचं हिचं? तू म्हणशील तसं. तुझा हक्क आहे."

ठकी या सगळ्याकडे डोळे मोठे करून पाहत होती. तिच्या चेहऱ्यावर एकदम उजेड पडला.

"म्हणजे आता आजी आरोपी!" ती चीत्कारली. कुणी काही सांगायच्या आत ती स्टूल घेऊन स्वयंपाकघराच्या दाराशी धावली, वर चढली आणि तिने तो दिवा खटकन बंद केला. काळोखात म्हातारीची ताटली हातातून निसटून वाजली. ठकी हसली. आप्पांसारखीच, पोट पुढे काढून हसली.

सुनेच्या तोंडातला घास तिथेच राहिला. ती उठली. ठकीच्या मागे जाऊन तिने हात पुढे केला. एक बोट बटणावर टेकवले. शेवटचे बटण तिने दाबले त्या संध्याकाळपासून ते बोट कुठल्याच बटणाला लागले नव्हते.

"नको!" आप्पा सवयीने ओरडले.

खट् आवाज झाला. सगळेच दचकले. काही झाले नाही, नुसता दिवा लागला. जमिनीवर सांडलेला भात दिसला आणि तो चाचपून गोळा करणारे म्हातारीचे हात दिसले.

"हे काय?" आप्पा म्हणाले. "हिच्यामुळे तू भोगलंस. तुला काहीच वाटत नाही?"

"वाटतं. खूप राग आहे माझा त्यांच्यावर," सून म्हणाली. तिचा आवाज काही मोठा नव्हता. "का गप्प बसलात, हे मी त्यांना विचारणार आहे. तोंडावर विचारीन. त्यांना उत्तर द्यावं लागेल. पण तुम्हाला नुसता एक आरोपी लागतो, आप्पा. मी असले काय न् त्या असल्या काय. उद्या ठकीच्या हातून ग्लास फुटला की तीही चालेल तुम्हाला."

तिने सासूबाईंपुढे पडलेली ताटली उचलली, मोरीत विसळली आणि पिशवीत घातली. मग ठकीचे दप्तर घेतले, कपडे घेतले.

"ताटली कशाला?" ठकीने विचारले.

"इथे राहिली तर कुणीतरी तिच्यात जेवणारच."

आप्पा दारात आडवे उभे राहिले. "मुलगी घेऊन जाता येणार नाही. मुलगी आमची आहे."

"अडवा की. मग कोर्टात भेटू." तिने त्यांच्या डोळ्याला डोळा दिला. "तिथे मलाही बोलू देतील."

कोर्टाच्या दारात आयुष्य काढलेल्या या माणसाला त्या दाराच्या आत काय चालते याची पहिल्यांदाच भीती वाटली असावी. आप्पा बाजूला झाले. सून सासूबाईंकडे वळली. "तुम्हीही चला."

"मी कुठे येऊ गं?" म्हातारी भात वेचता वेचता म्हणाली. "माझं इथेच बरोबर आहे."

मायलेकी गल्लीत उतरल्या तेव्हा मागून तो आवाज आला. "आरोपी हाजिर होऽऽ!" घराघरांची दारे उघडली. आप्पांनी दुसऱ्यांदा पुकारा केला, मग तिसऱ्यांदा. कुणाला बोलावत होते, सुनेला, नातीला की आत बसलेल्या बायकोला, ते त्यांना तरी ठाऊक होते की नाही कोण जाणे. ठकी मागे वळून वळून पाहत होती. तिच्या आईने एकदाही मागे पाहिले नाही.

शाळेतल्या बाईंच्या ओळखीने तिला इस्पितळाच्या धुलाईघरात इस्त्रीचे काम मिळाले आणि बाईंच्याच घरामागे एक खोली. धुलाईघरात तिच्या टेबलाशेजारी चार बटणांची पाटी होती. पहिले काही दिवस ती प्रत्येक बटणाआधी "लावतेय हं!" असे मोठ्याने म्हणे. सोबतच्या बायका आधी हसल्या. मग तिने त्यांना कारण सांगितले, आणि आता त्या सगळ्याच तसे म्हणतात.

दुसऱ्याच दिवशी आप्पांनी नवी ताटली आणली होती, हे तिला घड्याळवाल्या काकांकडून कळले. गल्लीनेही आपले मत बदलले नव्हते. फक्त माणूस बदलला होता. "आईच म्हणायची की कोण! आप्पा म्हणून सांभाळतात."

सुट्टीच्या दिवशी ठकीला घेऊन ती त्या घरी गेली. आप्पा खुर्चीवर होते, त्यांनी तोंड फिरवले. तिने परवानगी मागितली नाही. सरळ आत गेली, दिवा लावला आणि म्हातारीसमोर जमिनीवर बसून तिने तिला खूप खूप ऐकवले. इतक्या वर्षांचे सगळे. म्हातारी रडली, उत्तरे देत राहिली. काही उत्तरे पटली, काही पटली नाहीत. मग दोघी एकाच ताटलीत जेवल्या. त्या निघाल्यावर आप्पांनी उठून दिवा बंद केला. पायरीवरून मागे वळून पाहताना ठकीला स्वयंपाकघराचे दार काळे पडलेले दिसले.

"पुन्हा बंद केला," ती म्हणाली.

"हो."

"आजीची शिक्षा कधी संपणार?"

आईने तिचा हात घट्ट धरला. "आप्पा म्हणतात, संपणार नाही. म्हणून तर आपण यायचं."

आणि त्या येत राहिल्या. दर सुट्टीला दिवा लागे, दर सुट्टीला त्यांच्या पाठोपाठ विझे. ठकी त्या काळात आईला हाकच मारत नसे. जुना शब्द सुटला होता, नवा जिभेवर येत नव्हता. ती नुसती बाही ओढायची. तिनेही कधी घाई केली नाही.

एका सुट्टीला त्या गेल्या तेव्हा बाहेर आभाळ भरून आले होते आणि स्वयंपाकघरात काहीच दिसत नव्हते. आतून फक्त खोकल्याचा आवाज येत होता. ठकीने स्टूल ओढले. ती वर चढली, हात बटणावर ठेवला आणि जुन्या सवयीने तिने आप्पांच्या खुर्चीकडे पाहिले. आप्पांनी मान हलवली. नाही.

ठकी तशीच उभी राहिली. मग तिने मान वळवली.

"आई, आजीचा दिवा लावू?"

 अंधारातला खोकला थांबला.

"विचारायचं नसतं गं हे कुणाला," सून म्हणाली. "लाव."

दिवा लागला. आप्पा खुर्चीतून उठले आणि तो बंद करायला दारापर्यंत आले. पण बटणावरून त्या पोरीने हात काढला नव्हता, आणि तिथून तो काढून टाकायचा तर त्यांना आता तिचाच हात पिरगाळावा लागणार होता.